आठ वाजताचं तिकीट

चि. मुक्ता,

ही चिठ्ठी सॅकच्या आतल्या खणात सापडेल तेव्हा तू विमानात असशील. म्हणजे मध्येच "बाबा, पुरे" म्हणता येणार नाही. काल जेवताना मी आवाज चढवायला नको होता. पण जुलैतल्या अथेन्समध्ये अ‍ॅक्रोपोलिसचं, म्हणजे जुन्या देवळांच्या त्या टेकडीचं, तिकीट दुपारी 1 चं काढायचं, आणि का, तर सकाळी झोप व्हावी म्हणून! असो. उन्हाबद्दल एकदाच लिहितो, मग नाही.

टेकडीवर सावली नाही. वरून ऊन आणि खालून संगमरवराची झळ, दोन्ही अंगाने भाजून निघतं. त्यात जुलै-ऑगस्टात उत्तरेकडून मेल्तेमी वारा सुटतो आणि माणूस फसतो. घाम आला की लगेच वाळतो, अंग कोरडंच राहतं, तहान लागल्याचं कळतच नाही, आणि एकदम गरगरायला लागतं. उष्णतेची लाट आली की भर दुपारी 12 पासून संध्याकाळपर्यंत दरवाजेच बंद ठेवतात. 2023 ला ठेवले, 2024 ला ठेवले. तेव्हा तुझ्या 1 च्या तिकिटाचं काय करायचं?

उन्हाळ्यात 8 ला उघडतं. सिंटाग्मा चौकाहून मेट्रोच्या लाल लाइनने एकच स्टेशन, अ‍ॅक्रोपोली. बाहेर पडलीस की दक्षिण-पूर्वेचं दार जवळ आहे, तिथून आत जा. पश्चिमेच्या मुख्य दाराशी बसमधून उतरलेले ग्रुप उभे असतात. डायोनिससचं थिएटर वाटेतच लागेल, तिथे रेंगाळू नकोस, ते उतरताना बघ. आधी सरळ वर. दहाच्या सुमारास पिरेयस बंदरातल्या बोटींवरची माणसं येतात, त्याआधी प्रोपिलाइया, म्हणजे वरचं जुनं प्रवेशद्वार, ओलांडलेलं बरं. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत, लहान पिशवी घे. कोट्यवधी पावलांनी तिथला दगड काचेसारखा गुळगुळीत झालाय, त्यामुळे रबरी तळव्याचे बूटच घाल, त्या नव्या चपला नकोत. उंच टाचांना तर बंदीच आहे.

पार्थेनॉन, म्हणजे वरचं मोठं देऊळ, बघताना खांब मोजत बसशील, मला माहीत आहे. रायगडावर पायऱ्या मोजायचीस, आणि आप्पांनी मध्येच विचारलं की चुकून पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा आधीच सांगतो: समोर 8, बाजूला 17. खरी गंमत मात्र पायरीत आहे. कोपऱ्याजवळ वाक आणि पायरीच्या रेषेत नजर लाव. ती सरळ नाही. लांब बाजू मध्यभागी साधारण 11 सेंटिमीटर उचललेली आहे, आखूड बाजू 6. पावसाचं पाणी वाहून जातं आणि इतकी लांब रेघ डोळ्यांना खचल्यासारखी दिसत नाही, अशी दोन्ही कारणं सांगतात. क्रेन दिसली की "काम कधी संपणार" म्हणून वैतागू नकोस. ग्रीकांनी दगड जोडताना लोखंडी पट्ट्यांवर शिसं ओतलं होतं, म्हणून त्या टिकल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत नुसतं लोखंड घातलं, ते गंजून फुगलं आणि संगमरवर आतून फुटला. आता ते काढून टायटेनियम घालताहेत. मधलं मोठं खिंडार 26 सप्टेंबर 1687 चं. तुर्कांनी आत तोफांची दारू साठवली होती, त्यावर व्हेनिसच्या तोफेचा गोळा पडला.

हे लिहिता लिहिता पाणी राहिलंच. बाटली खालूनच भरून घे, अथेन्समध्ये नळाचं पाणी पिता येतं. तहान लागो न लागो, दर वीस मिनिटांनी दोन घोट. आणि सकाळी खाऊन निघ. नुसत्या कॉफीवर चढलीस की काय होतं ते रायगडाच्या निम्म्या वाटेवर आपण सगळ्यांनी पाहिलंय. तू म्हणशील तो मे महिना होता. हो, आणि हा जुलै आहे.

अकराला उतर आणि दुपार खालच्या अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयात काढ. थंड असतं, तिकीट वेगळं. टेकडीवरच्या एरेक्थियॉन देवळात खांबांच्या जागी ज्या बायकांच्या मूर्ती आहेत, त्या नकली आहेत. खऱ्या सहांपैकी पाच इथे, एक लंडनला. वरच्या मजल्यावर पार्थेनॉनचं फ्रीझ, म्हणजे कोरीव दगडांची पट्टी, लावलंय, त्यात पिवळसर दगड अस्सल आणि पांढरी शुभ्र ती लंडनला नेलेल्यांची प्लास्टरची नक्कल. इथे घाई करू नकोस, सगळ्या शहरात माझ्या मते हीच जागा सर्वांत चांगली. पाचनंतर अगोरा, म्हणजे जुना बाजारचौक. तिथलं हेफेस्टसचं देऊळ एवढं शाबूत आहे कारण पुढे त्याचं चर्च झालं.

विमानतळावरून मेट्रो 9 युरो. सिंटाग्मा आणि मोनास्तिराकीला दारं बंद होताना मुद्दाम ढकलाढकली करतात, तेव्हा फोन मागच्या खिशात नको.

पुन्हा भाषण झालं. इतकी वर्षं ग्रुप नेले, त्यातून सवय लागली, माफ कर. एकटीने सगळं ठरवलंस, स्वतःच्या पगारातून. आई शेजारी सांगत सुटली आहे. मीही दोघांना सांगितलं.

बाबा

ता. क. काढलेल्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. पासपोर्टच्या कव्हरमध्ये 30 युरो आहेत, 8 चं नवीन काढ. उतरल्या उतरल्याच काढ, सकाळचे स्लॉट आधी संपतात. त्याच कव्हरमध्ये ओआरएसच्या सहा पुड्या आहेत. एक पुडी, एक लिटर पाणी. अर्ध्या लिटरमध्ये ढवळू नकोस, जास्त खारट होऊन उलट त्रास होतो.