गेमिंग संगणकाची चाचणी सोलापूरच्या उन्हातच व्हावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शहरात गेमिंग संगणक जोडून विकणारी दुकाने वाढली आहेत आणि मुलांच्या हट्टापुढे नमून ते विकत घेणारे पालकही वाढले आहेत. या दोघांच्याही कानावर घालावा असा एक अनुभव आल्याने हे पत्र लिहीत आहे.

दिवाळीनंतर माझ्या पुतण्यासाठी आम्ही शहरातील एका दुकानातून सुमारे ९० हजार रुपयांचा संगणक जोडून घेतला. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. संगणक अभ्यासासाठी हवा, असे घरात ठरले होते आणि गेमसाठीही हवा, हे त्याने लपवले नव्हते. गड्ड्याची यात्रा होऊन गेली तरी यंत्राने एकदाही कुरकुर केली नाही. मार्चच्या अखेरीस मात्र जड गेम सुरू होऊन वीस-पंचवीस मिनिटे झाली की पडद्यावरचे चित्र जागच्या जागी थिजू लागले, आवाजाचा शेवटचा तुकडा घरघरत राहू लागला आणि बटण दाबून धरून यंत्र बंद करण्याखेरीज उपाय उरेना. टंकलेखन किंवा व्याख्यानांचे व्हिडिओ यांत काहीही अडत नव्हते.

दुकानात नेल्यावर प्रथम विंडोज नव्याने टाकण्यात आले. दुसऱ्या खेपेस तेथील तंत्रज्ञाने इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतील ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दाखवली आणि तीत ‘पॉवर’ हा शब्द आहे एवढ्यावरून एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा संच, खराब ठरवून साडेपाच हजारांचा नवा बसवला. वास्तविक ही नोंद एवढेच सांगते की, मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. ती पुढच्या वेळी सुरू होताना लिहिली जाते आणि आपण स्वतः बटण दाबून धरून बंद केला तरीही लिहिली जाते. तिसऱ्या खेपेस पडद्यावरचे चित्र तयार करणारे ग्राफिक्स कार्ड बदलावे लागेल, असे सांगून २८ हजारांचा आकडा दिला गेला, तेव्हा मी संगणक घरी आणला.

प्रत्येक वेळी आम्हाला ‘आमच्याकडे तर व्यवस्थित चालतो’ हे वाक्य ऐकावे लागले. ते खोटे नव्हते, आणि या प्रकरणातली मेख तीच आहे. दुकानात वातानुकूलन चालू, कॅबिनेटची बाजूची काच काढून ठेवलेली आणि चाचणी दहा मिनिटांची. आमचे घर पूर्व भागात, वरच्या मजल्यावर. पुतण्याच्या खोलीची भिंत पश्चिमेची असल्याने एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता आत ३९ अंश भरतात. कॅबिनेट टेबलाखालच्या कप्प्यात ठेवलेले, आणि शेजारी यंत्रमाग असल्याने पंख्यांच्या जाळीवर पंधरा दिवसांत कापसाच्या तंतूंचा थर बसतो.

मी एका सूतगिरणीत ३१ वर्षे वीज दुरुस्तीचे काम केले आहे. रिकामी फिरणारी मोटार भार पडताच अडखळते, तेव्हा तिचे वाइंडिंग गेले असे धरून कोणी ती लगेच सोडवत नाही; भार कमी-जास्त करून आधी मोजमाप घेतले जाते. तेच मी येथे केले. माझा पहिला संशय, सवयीने, विजेवर गेला. सायंकाळी माग जोरात चालू असताना मल्टिमीटरने २०८ व्होल्ट दाखवले तेव्हा चोर हाती लागला असे वाटलेही. परंतु एसएमपीएसवर १०० ते २४० व्होल्ट असे स्वच्छ छापलेले होते आणि दुपारी २३१ व्होल्ट असतानाही यंत्र थिजतच होते. शिवाय पुरवठा अपुरा पडला की संगणक बहुधा एकाएकी बंद होतो किंवा पुन्हा सुरू होतो, हेही ध्यानात आले.

मग पुतण्याच्या मदतीने केवळ प्रोसेसरवर अर्धा तास भार टाकला. तापमान ८१ अंशांवर स्थिरावले. केवळ ग्राफिक्स कार्डवर टाकला. ते ७६ अंशांवर थांबले. दोन्हींवर एकदम टाकला आणि अठराव्या मिनिटाला पडदा थिजला, तोही हे दोन्ही आकडे धोक्याच्या पातळीच्या खाली असताना. बाजूची काच काढून समोर टेबलफॅन लावला, तर तेच यंत्र दोन तास अडखळले नाही. म्हणजे दोष उष्णतेशी निगडित होता, पण ज्याचे तापमान आम्ही पाहत नव्हतो अशा भागात होता. ग्राफिक्स कार्डची गरम हवा वर चढून थेट रॅमवर, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्ट्यांवर, जात होती.

रॅममधील माहितीचा प्रत्येक कण अत्यल्प विद्युतभाराच्या रूपात साठवलेला असतो. झिरपणाऱ्या माठात पुन्हा पुन्हा पाणी भरावे तसा हा भार एरवी दर ६४ मिलिसेकंदांत भरावा लागतो. रॅमचे तापमान ८५ अंशांच्या वर गेल्यास ३२ मिलिसेकंदांत, कारण उष्णतेने गळती वाढते. त्यातून आमची डीडीआर४ रॅम दुकानदाराने एक्सएमपी सुरू करून, म्हणजे १.२ व्होल्टच्या मूळ दाबाऐवजी १.३५ व्होल्टवर आणि वाढीव वेगाने चालवली होती. अशा रॅमच्या खोक्यावर छापलेला वेग हा असाच वाढीव वेग असतो, ही गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी रात्रभर चालवली तेव्हा एकही चूक आढळली नाही. दुपारी गेम खेळून यंत्र तापलेले असतानाच लावली, तर पहिल्याच फेरीत चुकांची रांग लागली. दोन पट्ट्या आलटून-पालटून तपासल्यावर त्यातली एकच सदोष निघाली. ती वॉरंटीत विनामूल्य बदलून मिळाली आणि त्यानंतर मे महिन्यातील भर दुपारीही, काच लावलेली असताना, संगणक एकदाही थिजला नाही.

म्हणजे २८ हजारांचे जे कार्ड बदलायचे ठरले होते, ते पूर्ण निर्दोष होते. दुकानदाराची नियत वाईट होती, असे मी म्हणणार नाही. त्याने मोजले नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. पारा ४२-४३ अंशांवर जाणे ज्या गावाला नवे नाही, तेथे विकले जाणारे यंत्र ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी वातानुकूलन बंद करून, कॅबिनेट पूर्ण मिटवून, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोन्हींवर एकाच वेळी किमान तासभर भार टाकून तपासले जावे. त्या वेळची तापमाने आणि रॅमचा लावलेला वेग एका कागदावर लिहून बिलासोबत द्यावा. दुरुस्तीत एखादा भाग बदलला, तर कोणत्या चाचणीवरून बदलला हे लिहून द्यावे आणि वॉरंटीत जमा करायचा नसेल तर काढलेला भाग ग्राहकाला परत करावा. पालकांनीही हा कागद मागून घ्यावा. तो देण्यास नकार मिळाला, तर दुसरे दुकान पाहावे.

आमचा मूळचा एसएमपीएस अद्याप त्या दुकानातच आहे. तो चालू स्थितीत आहे, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त वीजतंत्री,
पूर्व भाग, सोलापूर