पक्षी कल वाचतो, उत्तर दिशा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हतनूर धरणावर थंडीत उतरणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांवरचा लेख कालच्या बालपुरवणीत वाचला. मुलांसाठी असा विषय घेतलात, त्याबद्दल आभार. पण पक्षी दिशा कशी ओळखतात हे सांगताना 'पक्ष्याच्या चोचीत चुंबक असतो' हे वाक्य इतक्या ठामपणे छापायला नको होते. कबुतराच्या चोचीतल्या ज्या लोहयुक्त पेशींवरून हे सांगितले जाई, त्या 2012 मध्येच मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी असल्याचे दिसून आले. मॅग्नेटाइट या लोहाच्या चुंबकीय खनिजाच्या कणांची साखळी अंगात बाळगणारे जीव आहेत, पण ते चिखलातले जिवाणू. शास्त्रज्ञ ब्लेकमोर यांनी त्यांच्यावर 1975 मध्ये लिहिले.

त्याहून राग आला तो 'करून पाहा' या चौकटीचा. स्टीलच्या वाटीत पाणी घ्या, त्यावर पान ठेवून चुंबकावर घासलेली सुई सोडा, आणि 'पक्ष्यालाही अशीच उत्तर कळते' असे मुलांना सांगा! मुळात पक्ष्याला अशी उत्तर कळतच नाही. विल्त्श्को या जर्मन शास्त्रज्ञ दांपत्याने 1972 मध्ये रॉबिन या युरोपातल्या लहान पक्ष्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पक्ष्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राचा फक्त उभा घटक उलटवला तेव्हा पक्षी उलट दिशेला वळले. पूर्ण क्षेत्र उलटवले, म्हणजे ध्रुव बदलले पण चुंबकीय रेषांचा जमिनीकडचा कल तोच राहिला, तेव्हा त्यांनी दिशा बदलली नाही. पक्षी ध्रुव ओळखत नाही, रेषा जमिनीकडे कुठे झुकते ते पाहतो. आणि पाण्यावर तरंगणारी सुई आडवीच राहते. जे दाखवायचे तेच पाणी झाकून टाकते.

कल दाखवायचा तर सुई टांगावी लागते. शिवणाची लांब सुई घ्या. बारीक दोऱ्याची गाठ पुढेमागे सरकवून ती अगदी आडवी तोलून घ्या आणि गाठीवर डिंकाचा थेंब लावा. हे आधी, घासणे नंतर; उलट केले तर झुकाव वजनाचा की चुंबकाचा, हे कळत नाही. मग चुंबकाच्या दक्षिण टोकाने नाक्याकडून अणीकडे 30-40 वेळा घासा, दर वेळी चुंबक उचलून परत नाक्याशी आणा. मागेपुढे घासले तर केलेले काम पुसले जाते. दोऱ्याचा पीळ सुटू द्या. अणी उत्तरेकडे वळून खाली झुकेल. आपल्या भागात रेषांचा कल सुमारे 30 अंश आहे. सुई तेवढी झुकणार नाही, कारण गाठ सुईच्या मध्यापेक्षा किंचित वर असते आणि वजन तिला पुन्हा आडवी ओढते.

लोखंडी कपाट, पलंग, मोबाइल यांपासून चार हात लांब बसा. काळ्या दगडाच्या जोत्यावर तर नकोच, आपल्या दगडातही मॅग्नेटाइट असतो. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा विजेच्या ट्राममुळे 1904 मध्ये अलिबागला न्यावी लागली, इतकी ही मोजणी नाजूक असते.

रॉबिनला हा कल कळण्यासाठी उजेड लागतो. निळ्या-हिरव्या उजेडात तो दिशा धरतो, नुसत्या लाल उजेडात चुकतो. त्यामुळे शोध डोळ्याच्या पडद्यातल्या क्रिप्टोक्रोम या प्रथिनाकडे वळला आहे. हे सारे रॉबिनवरचे, ते तपासल्याशिवाय लेखातल्या चक्रवाकाच्या नावावर चढवू नये.

आणि चक्रवाक म्हणून छापलेला काळा, पांढऱ्या चोचीचा पक्षी वारकरी आहे. चक्रवाक विटकरी-नारिंगी असतो. तापीकाठच्या पोरांनाही हे ठाऊक आहे.

दुरुस्ती त्याच पुरवणीत, तेवढ्याच मोठ्या चौकटीत छापावी, कारण मुले आतले पान उघडत नाहीत. सोबत टांगलेल्या सुईची आकृती द्यावी.

आपला,
एक वाचक, भुसावळ