जुन्या गाडीचे इंजिन गिअरबॉक्ससकटच काढावे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीवर आलेल्या लेखातले दोन सल्ले वाचून हे पत्र लिहीत आहे. पहिला : आधी गिअरबॉक्स खालून उतरवावा, मग इंजिन वरून उचलावे, म्हणजे एका वेळी कमी वजन उचलावे लागते. दुसरा : परत बसवताना गिअरबॉक्स थोडा बाहेर राहिला तर बोल्ट आवळून तो इंजिनला भिडवावा. पहिला सल्ला गैरसोयीचा आहे, दुसरा सरळ नुकसानीचा. माझ्या मते दोन्ही जोडलेलेच एकत्र वरून काढावेत.

इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, अशा गाडीत गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट क्लच प्लेटच्या मधल्या दातेरी भोकातून (स्प्लाइन) जाऊन इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, टोकाच्या छोट्या बुशमध्ये (पायलट बुश) टेकतो. गाडीखाली आडवे पडून तीस-चाळीस किलोंचा गिअरबॉक्स मागे ओढताना त्याचा भार क्षणभर जरी त्या शाफ्टवर लोंबकळला, तरी क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो. नवी प्लेट असूनही क्लच नीट सुटत नाही, गिअर खरखरतो, गाडी जागेवरून हलताना थरथरते, आणि दोष मात्र प्लेट बनवणाऱ्याच्या माथी जातो. शिवाय बेलहाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनला जोडणाऱ्या घंटेसारख्या तोंडाचे, वरचे बोल्ट बऱ्याच गाड्यांत फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) इतके चिकटून असतात की तिथे पाना फिरतच नाही.

अपवाद आहेत. मूळच्या मिनीत गिअरबॉक्स इंजिनच्या खालीच, त्याच तेलात असतो, त्यामुळे तिथे वेगळे काढण्याचा प्रश्नच येत नाही. उलट बीटलचे इंजिन मागे असते आणि गिअरबॉक्स जागेवर ठेवून ते एकटेच खाली उतरते. गिअरबॉक्स फारच जड असेल किंवा छत बुटके असेल, तरीही वेगळे काढणे समजू शकते.

तयारीचा भाग लेखात ठीक होता : बॉनेट, रेडिएटर, पंखा, कार्बुरेटर काढणे वगैरे. बॉनेट काढण्याआधी बिजागरीभोवती खूण करावी, एवढेच वाढवतो. सायलेन्सरच्या पाइपचे नट आदल्या दिवशीच गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवावेत. नट ज्यावर बसतो तो आट्यांचा खिळा (स्टड) मोडला की दुरुस्तीचा दिवस त्यातच जातो. स्पार्क प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर फायरवॉलवर आपटण्याइतका मागे असेल तर त्यातल्या फिरत्या रोटरची दिशा खुणावून तोही काढावा.

खरी गंमत विसरलेल्या जोडण्यांची असते. इंजिन चार बोटे उचलले की कशाला तरी अडते, आणि क्रेनचा दांडा आणखी दाबला की ते 'कशाला तरी' तुटते. स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटच्या वायरी, ऑइल प्रेशरची बारीक नळी आणि इंजिन ते चासी ही अर्थिंगची पट्टी यांची यादी करून एकेकावर काट मारावी. ही पट्टी परत लावायची राहिली तर स्टार्टरचा करंट चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते. जुन्या तापमान काट्याची तांब्याची नळी कापायची नसते. तिचे टोक इंजिनमधून पूर्ण सोडवून बाजूला गुंडाळून ठेवावे, कारण आतला वायू गेला की काटा मेला. क्लचचा खालचा सिलिंडर पाइपसकट तारेने बांधून ठेवावा आणि पेडलवर कोणी पाय ठेवू नये, नाहीतर पिस्टन बाहेर उडतो.

मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या फ्लॅंजवर (जोडाची चकती) खूण करून तो काढल्यावर गिअरबॉक्सच्या शेपटाला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधावी. तेल काढलेले असले तरी तिरपे केल्यावर उरलेसुरले सांडतेच.

आता कोन. इंजिन-गिअरबॉक्सचा पूर्ण जोड बाहेर येताना शेपूट गाडीच्या तळाच्या बोगद्यातून (गिअरबॉक्सची खोबण) सुटण्यासाठी तो गाडीच्या मानाने सुमारे 35 ते 45 अंश तिरपा करावा लागतो. म्हणून गाडीची मागची बाजू स्टँडवर उंच आणि पुढची चाके जमिनीवर, अडसर लावून, ठेवावी. शेपटाला खाली जागा मिळते आणि गाडीच नाकावर झुकलेली असल्याने साखळी तितकी तिरपी करावी लागत नाही. कोन बदलायला स्क्रूचा लेव्हलर (साखळीचा तोल सरकवणारा दांडा) असेल तर उत्तम. साखळी सिलिंडर हेडच्या पक्क्या बोल्टांना, कोपऱ्याकोपऱ्याला लावावी, इनटेक मॅनिफोल्डला कधीही नाही. साखळी आखूड घेण्याचा मोह आवरावा, कारण तिच्या दोन पदरांमधला कोन त्याने मोठा होतो. दोन पदरांमधला कोन 60 अंश असेल तर प्रत्येकावर एकूण वजनाच्या 58 टक्के ताण येतो, 90 अंशाला 71 टक्के, आणि 120 अंशाला प्रत्येक पदर अख्खे वजन पेलत असतो. चार सिलिंडरच्या बिडाच्या इंजिनाचे गिअरबॉक्ससह वजन दोनशे किलोंच्या आसपास भरते. क्रेनचा हात लांबवला की तिची ताकद झपाट्याने घटते, दोन टनांची क्रेन पूर्ण लांबवर अनेकदा अर्ध्या टनाचीच उरते. क्रेनच्या हातावर लिहिलेला आकडा वाचावा.

साखळीने भार घेतल्याशिवाय माउंटिंगचे (इंजिन ज्यावर टेकते त्या आधारांचे) बोल्ट सोडू नयेत, आणि गिअरबॉक्सखालचा आडवा तुकडा काढताना तिथे जॅक हवा. उचलू लागल्यावर स्प्रिंगवरचा भार कमी होतो आणि गाडीचे तोंडही वर येते, म्हणजे जितके उचलले असे वाटते तितके इंजिन गाडीतून निघालेले नसते. बाहेर आल्यावर क्रेन हलवण्याआधी जोड जमिनीलगत उतरवावा.

राहिला दुसरा सल्ला. टेबलावर दोन्ही जोडताना क्लच प्लेट मध्यावर नेमकी असेल, तर बेलहाउसिंग हाताने सरकत शेवटपर्यंत बसते. फट राहिली तर प्लेट सरकलेली आहे किंवा शाफ्टचे दात जुळलेले नाहीत, क्रँक किंचित फिरवून पाहावे. तेवढ्यावर बोल्ट आवळला तर बेलहाउसिंगचा बोल्ट बसतो तो ॲल्युमिनियमचा कान तडकतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तर क्लचच्या जागी असलेला टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या तेलपंपात पूर्ण बसला नसताना बोल्ट ओढले की पंपच फुटतो. त्या लेखातले निदान बोल्ट आवळून भिडवण्याचे एक वाक्य तरी पुढच्या अंकात दुरुस्त करून छापावे, ही विनंती.

– एक वाचक, जुन्या गाड्यांचा मेकॅनिक