कोतवाल बुके फक्त दाखल्यापुरती नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वऱ्हाडातल्या साध्या शेतकरी कुटुंबालाही आपला दीडशे वर्षांपूर्वीचा पूर्वज सरकारी कागदांतून शोधता येतो, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. आणि ते कागद आज कोणत्या अवस्थेत पडून आहेत, हे त्याहूनही थोड्यांना. त्यांतली कोतवाल बुके, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या, तर बहुधा जातीच्या दाखल्यापुरतीच उघडली जातात. माझ्या खापरपणजोबांचा माग काढताना जे पाहण्यात आले, ते वाचकांपुढे आणि शासनापुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

1853 च्या तहाने वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि 1861 पासून येथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर शेतवार मोजणी सुरू झाली. प्रत्येक शेताला सर्वे नंबर, त्या नंबराला आकार (म्हणजे सारा) आणि तो आकार भरणारा खातेदार, अशी ही पद्धत होती. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाणे बंद झाले आणि आपल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. खामगाव-अमरावतीच्या बाजारपेठा फुलल्या, 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. सरकारला सारा आणि कापूस हवा होता म्हणून का होईना, पण वहितीदाराचे नाव पिढ्यान्‌पिढ्या टिकेल अशा रीतीने कागदावर आले. पूर्व विदर्भात मात्र मालगुजारी होती. तेथे गाव मालगुजाराच्या नावे असे आणि नांगर धरणाऱ्याचे नाव बंदोबस्ताच्या (म्हणजे सारा ठरवण्याच्या) मिसलीत, जमाबंदीत किंवा खसऱ्यात (शेतवार नोंदवहीत) कुळ म्हणून शोधावे लागते. भंडारा-नागपूरकडच्या वंशजाने वऱ्हाडी पद्धतीने शोध घेतला, तर त्याच्या हाती बहुधा काहीच लागणार नाही.

शोधाची खरी दोरी माणसाच्या नावात नसून शेतात असते, असे माझे ठाम मत झाले आहे. जुन्या नोंदींत आडनाव बहुधा नसते. ‘गणपत वल्द तुकाराम’ (म्हणजे तुकारामाचा मुलगा गणपत) एवढेच असते, आणि आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याच्या आपल्या रीतीमुळे तेच गणपत-तुकाराम एकाआड एक पिढीत पुन्हा भेटतात. सर्वे नंबर मात्र बराच काळ टिकून राहतो. म्हणून आजच्या सातबाऱ्यापासून फेरफार, विदर्भ मध्य प्रदेशात असतानाच्या काळातले 1954 नंतरचे अधिकार अभिलेख आणि त्यामागचे बंदोबस्ताचे कागद, असे एकाच शेताला धरून उलटे चालत जावे. शेतजमिनींच्या एकत्रीकरणात गट क्रमांक पडला असेल, तर जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता आधी मागून घ्यावा. जिल्ह्याच्या हद्दींचेही भान ठेवावे. वऱ्हाडात पूर्वी सहा जिल्हे होते. 1905 मध्ये एलिचपूर (आजचे अचलपूर) अमरावतीत आणि बाशीमचा (आजच्या वाशीमचा) बहुतेक भाग अकोल्यात विलीन झाला, आणि वाशीम जिल्हा पुन्हा झाला तो 1998 मध्ये. त्यामुळे आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या गावाचा जुना कागद अकोल्याच्या अभिलेख कक्षात असू शकतो.

पण जमिनीच्या कागदांत फक्त जमीनवाला सापडतो. सालदार, मजूर, बलुतेदार यांच्या पूर्वजांचा सरकारी माग बहुतेक वेळा एकाच ठिकाणी लागतो, तो कोतवाल बुकात. गावातले जन्म-मृत्यू कोतवालाने कळवायचे आणि ते या वहीत उतरवले जायचे, त्यात खातेदार आणि भूमिहीन असा भेद नव्हता. मी पाहिलेल्या एका पानावर मोडीत तारीख होती, बापाचे नाव होते, जात होती आणि पुढे नुसते ‘मुलगा’. बारशाआधीच नोंद झाल्यामुळे बाळाला नाव नव्हते, आणि आईचे नाव कुठेच नव्हते. अशाच घरांतली भावंडे पुढे मृत्यूच्या पानावर वय आणि ‘ताप’ किंवा ‘पटकी’ (कॉलरा) या एका शब्दासह भेटतात. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाडातल्या किती घरांवर काय गुदरले, हे घराघराच्या हिशेबाने सांगणारा दुसरा दस्तऐवज माझ्या पाहण्यात नाही.

येथे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांची आठवण होते, कारण त्या काळात कापूस तेही पिकवत होते आणि आपणही. तेथील 1850 ते 1880 च्या दर दहा वर्षांच्या शिरगणतीत शेतीचे वेगळे तक्ते होते. शेतकऱ्याचे नाव, सुधारलेली जमीन, गुरे, कापसाच्या गाठी हे सारे त्यांत आहे, आणि 72 वर्षे उलटली की माणसांची शिरगणती तेथे सर्वांना खुली होते. मात्र 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचे नाव आहे आणि गुलामाचे फक्त वय, लिंग व वर्ण. त्यांच्या बहुतेक वंशजांना 1870 च्या आधीच्या शिरगणतीत पूर्वजाचे नावच सापडत नाही. 1890 च्या शिरगणतीचे बहुतेक कागद 1921 च्या आगीनंतर गेले, ते कायमचे. आपल्याकडे कष्टकऱ्याचे नाव कोतवाल बुकात लिहिलेले आहे, आणि ते आपण वाळवीला खाऊ घालत आहोत. एका कार्यालयात मला जी बुके दाखवली गेली, त्यांची पाने उलटतानाच तुकडे पडत होते आणि काही गठ्ठे ओल लागून एकसंध लगदा झाले होते. तेथील कर्मचाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना मोडी येत नाही आणि दप्तर ठेवायला कोरडी खोलीही नाही.

जातपडताळणीसाठी इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. तेवढा मिळाला की अर्जदार थांबतो, कार्यालयही थांबते, आणि त्यामागची सत्तर-ऐंशी वर्षे कोणीच उघडत नाही. 2023 मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने जुनी दप्तरे बाहेर निघाली, ही चांगली गोष्ट झाली. परंतु एका जातीची नोंद शोधण्यासाठी उघडलेले पुस्तक तेवढे पान पाहून मिटू नये. शासनाने प्रत्येक कोतवाल बुक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, सर्व जातींच्या नोंदींसह स्कॅन करावे. अकोला, अमरावतीसह काही जिल्ह्यांतील जुने अभिलेख संकेतस्थळावर आले आहेत, तेथे गावनिहाय आणि वर्षनिहाय ही बुकेही पाहता यावीत. पुराभिलेख संचालनालयाची मोडी परीक्षा उत्तीर्ण झालेली तरुण मंडळी जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांना मानधनावर तालुक्याला बोलावले, तर नावांची सूची बनवण्याचे काम सुरू होऊ शकते. आणि त्याही आधी, कोणत्या गावाचे कोणत्या वर्षापर्यंतचे बुक शिल्लक आहे याची साधी यादी प्रत्येक तहसीलदारांनी येत्या पावसाळ्यापूर्वी फलकावर लावावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक, अमरावती जिल्हा