आगळाचा रंग आणि तुझं ‘बुडवून बघ’

प्रिय शमे,

तीन महिने गप्प होते, शिव्या नंतर दे. आईचा गुडघा आहे तसाच, मी ठीक. हे तुलाच लिहितेय, कारण घरी सांगितलं तर “रंग उडाला तर उडाला, सोलकढी छान झालीय” एवढंच ऐकायला मिळेल.

कोकमाच्या आगळातलं अँथोसायनिन, म्हणजे लाल रंगद्रव्य, साठवणीत किती टिकतं याचे सहा महिन्यांचे आकडे बहुतेक चुकलेत. पद्धत आपली नेहमीचीच: एका नळीत पीएच १.० चा पोटॅशियम क्लोराइड बफर (पीएच धरून ठेवणारं द्रावण), दुसरीत ४.५ चा सोडियम अ‍ॅसिटेट, ०.४ मोलर. दोन्हीत आगळ घालून ५२० आणि ७०० नॅनोमीटरच्या प्रकाशाला वाचायच्या, ७०० चं वजा केलं की गढूळपणा जातो. पहिली लालभडक, दुसरी जवळपास बिनरंगी, मधला फरक तो अँथोसायनिन. पण दुसरी खरंच ४.५ ला असेल तर ना! काल सहज पीएच मीटर बुडवला, ३.९. आगळातलं हायड्रॉक्सीसिट्रिक अ‍ॅसिड असं जबर, की १ मिलीने ४ मिली बफरचा निकाल लावला. नळीत गुलाबी झाक दोन महिने दिसत होती, मी क्युवेट (मोजायची काचेची कुपी) नीट धुतली नाही म्हणून स्वतःलाच बोलत होते. झाक उरली की फरक कमी, आकडा कमी.

“मिसळल्यावर बुडवून बघ,” असं तू पहिल्याच वर्षी म्हणालीस आणि मी तुला सोवळी म्हटलं. मागे घेते. ब्यूरेट मात्र तूच फोडलीस, ते मागे घेणार नाही.

खरी गोम पुढे आहे. सगळीकडे २० पट पातळ केलं असतं तर वाचले असते. तिथे पीएच ४.४ पर्यंतच घसरतो, आणि चूक प्रत्येक वेळी सारख्याच प्रमाणात असली की लॉग घेताना कटते, अर्धायुष्य, म्हणजे रंग निम्मा व्हायला लागणारा काळ, बदलत नाही. पण रंग उडत गेला, रीडिंग ०.२ च्या खाली यायला लागलं, म्हणून मी २० चे १० केले, मग ५. म्हणजे रंग गेला तसतशी चूकही वाढली. ३७ अंशांना ठेवलेल्या नमुन्यांची रेघ शेवटी खाली वाकते, आणि त्या वाकण्यावर मी दोन पानं खुलासा लिहून बसलेय! हसू नकोस.

उणे २० अंशांत जुळे नमुने आहेत, फक्त ३७ अंश–सहावा महिना याची एकच नळी उरलीय. ५ पटच ठेवून कॉस्टिक सोड्याने ४.५ ला आणता येईल, पण थेंब थेट आगळात पडला तर तिथल्या तिथे रंग मरतो. आधी बफरमध्ये घालायचं, मग आगळ, आणि वाढलेलं आकारमान हिशोबात धरायचं. एका नळीवर हा जुगार नको वाटतो. त्यापेक्षा २० पट आणि ५ सेंमीची लांब क्युवेट, म्हणजे फिका रंगही नीट वाचता येईल. तुमच्या लॅबमध्ये आहे का? होल्डरसकट?

बाळाला दात आले का? नवं घर लागलं का? फोटो पाठव.

तुझी,
मनी

ता. क. मॅडमना अजून सांगितलेलं नाही. अहवाल सोमवारी द्यायचाय.