असईच्या मैदानात दोन्हीकडं बंदूक एकच होती

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत असईच्या लढाईवर लेख आला होता तो मी दोनदा वाचला आणि राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहायला बसलोय. आपल्या जालना जिल्ह्यातल्या गावाबद्दल कुणी लिहिलं याचा आनंदच झाला, पण लेखात सरळ लिहिलंय की इंग्रजांकडं आधुनिक रायफली होत्या आणि शिंद्यांच्या माणसांकडं तलवारी भाले, म्हणून आपण हरलो. वर चित्रही तसंच, लाल कोटवाले बंदुका रोखून उभे आणि समोरून आपले लोक उघड्या अंगानं धावत येतायत. साहेब हे साफ चूक आहे. आणि नुसती चूक असती तर सोडून दिलं असतं, पण त्या मैदानात जे लोक तोफेला चिकटून मेले त्यांच्यावर हा अन्याय आहे म्हणून लिहितोय.

मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. पस्तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला टर्नर आहे, रिटायर होऊन सात वर्षं झाली. माझं आजोळ भोकरदन तालुक्यातलं, त्यामुळं असई, केळणा नदी, जुई नदी हे सगळं लहानपणापासून पायाखालचं. मामाच्या शेतात नांगरताना एकदा शिशाची गोळी निघाली होती, वर पांढरा थर चढलेला, ती मामानं मला दिली आणि मी कामावर नेऊन कॅलिपर लावला तर साडेसतरा मिलिमीटरच्या आसपास भरली. तिथून मला हा नाद लागला.

आधी रायफलीचं बघू. रायफल म्हणजे नळीच्या आत पिळदार खाचा पाडलेल्या असतात, त्यानं गोळी फिरत जाते आणि सरळ जाते. 1803 साली इंग्रजांच्या साध्या पलटणीकडं असली बंदूक नव्हती. त्यांच्याकडं होती ती गुळगुळीत नळीची, चकमकीची मस्केट, जिला ते ब्राऊन बेस म्हणायचे. तिच्या घोड्यात गारगोटीचा तुकडा आवळलेला असायचा, चाप ओढला की तो पोलादावर घासून ठिणगी पडायची, ठिणगीनं बाहेरच्या वाटीतली रंजक म्हणजे पेटवणीची दारू पेटायची आणि ती आग कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, आत जाऊन बार उडायचा. रंजक ओली झाली किंवा गार झिजली की नुसताच भपका, आत काही नाही. यातला जो नमुना ईस्ट इंडिया कंपनीनं हिंदुस्थानातल्या आपल्या फौजेसाठी बनवून घेतला होता, 39 इंच नळीचा, तोच पुढं फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर खुद्द इंग्लंडच्या राजानं आपल्या सैन्याला दिला कारण तो लवकर आणि स्वस्तात तयार व्हायचा. म्हणजे कंपनीच्या शिपायासाठी काढलेली बंदूक राजाच्या शिपायाच्या खांद्यावर गेली, ही गोष्ट आपल्याकडं कुणाला माहीतच नसते.

आता यातली आमच्या धंद्याची गोष्ट सांगतो. या बंदुकीची नळी आतून पाऊण इंच म्हणजे 19 मिलिमीटर आणि गोळी साडेसतरा. दीड मिलिमीटरची ढिलाई! आमच्याकडं एवढा प्ले ठेवून जॉब दिला असता तर इन्स्पेक्टरनं तोंडावर मारला असता. पण ती ढिलाई मुद्दाम ठेवलेली, कारण काळी दारू जळली की नळीत काजळी धरते आणि दहा बारा बार झाले की घट्ट गोळी आत जाईना, मग शत्रू समोर असताना शिपाई काय गज ठोकत बसणार. त्याची किंमत अशी की गोळी नळीत इकडंतिकडं आपटत बाहेर पडते आणि कुठल्या बाजूनं सुटेल याचा नेम नाही. शंभर यार्डाच्या आत तरी जरा भरवसा, दोनशेवर एका माणसाला टिपणं म्हणजे निव्वळ नशीब.

म्हणून तर ते लोक खांद्याला खांदा लावून ओळीत उभे राहायचे साहेब, मूर्ख होते म्हणून नाही. एकट्या बंदुकीचा नेम नाही पण पाचशे बंदुका एका हुकमाला सुटल्या तर समोर भिंत कोसळल्यासारखं होतं. कागदी काडतूस दातानं तोडायचं (हो, दातानं, ही रीत 1857 च्या कितीतरी आधीपासून होती, तेव्हाचं भांडण चरबीचं होतं), थोडी दारू वाटीत, उरलेली नळीत, वर गोळी आणि कागद, गजानं ठासायचं, गज परत जागेवर, मग खांद्याला लावायची. हे सगळं मिनिटाला तीनदा आणि समोरून तोफेचे गोळे येत असताना. ते हाताला बसायला वर्षं लागतात. पलटण म्हणजे बंदूक नाही, पलटण म्हणजे ही सवय.

आणि ती सवय कुणाच्या अंगात होती तेही बघा. असईला गोऱ्यांच्या पायदळाच्या दोनच पलटणी होत्या, 74 वी आणि 78 वी, दोन्ही स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाच्या नावानं उभ्या केलेल्या. 74 वी तर 1787 साली हिंदुस्थानसाठीच भरती केलेली. गरीब घरची पोरं, त्या काळी एकदा भरती झाला की जन्मभराची नोकरी, पगार दिवसाला एक शिलिंग आणि त्यातूनही खाण्याकपड्याचे पैसे कापून जायचे, चुकला तर उघड्या पाठीवर चाबूक. मला त्यांचा राग येत नाही. बाकी पायदळ मद्रासचं, पाच पलटणी आपल्याच देशातल्या शिपायांच्या. घोडदळात गोऱ्यांची एक, 19 वी, आणि मद्रासच्या तीन. वर म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वारही इंग्रज सेनापती वेलस्लीच्याच बाजूला. तुमच्या लेखातले सगळे लाल कोटवाले गोरे आहेत, हिशेब केला तर तसं अजिबात नव्हतं.

आता समोरची बाजू. महादजी शिंद्यांनी 1784 पासून द बॉयन नावाच्या सॅव्हॉयच्या (युरोपातल्या) माणसाकडून कवायती फौजेचे कंपू उभे करून घेतले, आग्र्याला तोफा ओतायचे आणि बंदुका बनवायचे कारखाने घातले. तिथं ज्या बंदुका बनत होत्या त्या चकमकीच्याच, संगीन लावायच्या सोयीसकट. तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीनं पेटणाऱ्या, बंदुकावाले आणि तलवारवाले लोक होतेच पण ते बाजूच्या फौजेत, कंपू म्हणजे अगदी कवायती पायदळ. असईला हे कवायती पायदळ दहा हजाराच्या वर होतं, शंभरच्या आसपास तोफा होत्या आणि हुकूम होता पोहलमन नावाच्या जर्मन माणसाचा, जो आधी कंपनीत सार्जंट होता.

23 सप्टेंबर 1803. वेलस्लीची माणसं सकाळपासून जवळजवळ वीस मैल चालून आलेली. वाटाडे म्हणाले नदीला उतार, म्हणजे चालत पार व्हायची जागा, नाही, पण त्यानं पाहिलं की केळणेच्या दोन्ही काठांना पिंपळगावापाशी समोरासमोर गावं आहेत, म्हणजे लोक येजा करत असणार म्हणजे उतार असणार, आणि तो होता. ही त्याची अक्कल मानलीच पाहिजे. तिथून उतरून तो शिंद्यांच्या डाव्या बगलेवर आला. त्याला वाटलं होतं की हे लोक आता गोंधळतील, पण पोहलमननं ती सगळी लांबलचक ओळ काटकोनात फिरवून त्याच्या तोंडासमोर उभी केली, तोफांसकट. ज्यानं कधी पन्नास पोरांची परेड घेतली असेल त्याला कळेल हे काय काम आहे, इथं तर हजारो माणसं दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, समोर शत्रू असताना! तलवारी भाले घेऊन धावणारा जमाव हे करू शकतो का?

पुढं 78 वी पलटण नदीच्या बाजूनं चालत गेली आणि तोफांपर्यंत पोचली. पण दुसऱ्या टोकाला ओरॉक नावाचा ऑफिसर आपली तुकडी घेऊन चुकून थेट असई गावाच्या अंगावर गेला, त्याच्या मागं 74 वी, आणि गावापाशी तर तोफा खच्चून भरलेल्या. पाचशेच्या आतबाहेरची ती पलटण, तिच्यातले चारशेच्या आसपास मेले किंवा जखमी झाले, उरलेल्यांनी चौकोन करून पडलेल्या माणसांच्या आडोशानं तग धरला. शेवटी त्यांच्याच मॅक्सवेलचं घोडदळ धावून गेलं म्हणून वाचले, आणि तो मॅक्सवेल पण नंतरच्या हल्ल्यात मेला. तोफा घेतल्या म्हणून इंग्रज पुढं गेले तर मेल्यासारखे पडलेले शिंद्यांचे गोलंदाज, म्हणजे तोफा चालवणारे, उठले आणि त्याच तोफा मागून त्यांच्यावर फिरवल्या, 78 व्या पलटणीला परत मागं वळून त्या पुन्हा घ्याव्या लागल्या. वेलस्लीचे मेलेले जखमी मिळून दीड हजाराच्या वर गेले. हाच माणूस पुढं वॉटर्लू जिंकून आला आणि म्हातारपणी कुणी विचारलं की लढाईत तुम्ही सगळ्यात चांगलं काय केलं तर एवढंच म्हणाला, असई.

दोनच महिन्यांत उत्तरेत लासवारीला लेक नावाच्या इंग्रज सेनापतीच्या फौजेला हीच कंपूवाली माणसं भेटली आणि त्यानं गव्हर्नर जनरलला लिहिलं की त्यांचे गोलंदाज संगिनीनं मरेपर्यंत तोफा सोडत नव्हते. शत्रू असं लिहून ठेवतो आणि आपण दोनशे वर्षांनी त्यांच्या हातात भाले देतो.

मग हरलो का? माझ्या मते बंदुकीत नाही, बंदुकीच्या वरच्या माणसांत. लढाईच्या आधी कंपनीनं जाहीरनामा काढला की शिंद्यांच्या नोकरीतले इंग्रज ऑफिसर आमच्याकडं आले तर त्यांची सोय लावू, आणि ते निघून गेले. ज्या कवायतीचा हुकूम देणारा परका, ती कवायत हुकूम देणारा गेला की लंगडी होते. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांचं घोडदळ केवढं मोठं, पण बरंचसं बाजूलाच राहिलं. पायदळ आणि तोफखाना एकटे लढले. गडी कमी पडले नाहीत, त्यांना सांभाळणारे कमी पडले. स्कॉटलंडच्या पलटणींना असईबद्दल जास्तीचं तिसरं निशाण मिळालं, झेंड्यावर हत्ती आला, आजपण तिकडं तो दिवस आठवतात. कंपूतल्या गोलंदाजांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत.

मागच्या वर्षी पाऊस उघडल्यावर पुतण्याला घेऊन परत असईला गेलो होतो. काळी माती पायाला चिकटत होती, कपाशी गुडघ्याच्या वर. पोरगं विचारत होतं काका ती आपल्या घरातली गोळी इंग्रजाची का आपल्या माणसाची. मी खरं ते सांगितलं, की दोन्हीकडं बंदूक एकाच जातीची, मापावरून सांगता येत नाही.

तर विनंती अशी की पुढच्या रविवारी चार ओळींचा खुलासा छापा, की रायफल नव्हती, मस्केट होती, आणि ती दोन्हीकडं होती. चित्र परत छापायचं असेल तर त्यात कंपूचे लोक ओळीत, संगिनी लावून, तोफांसोबत उभे दाखवा. गोळी माझ्याकडं डबीत ठेवलेली आहे, तुमचं कुणी फोटो काढायला येणार असेल तर मी घरीच असतो.

आपला,
एक निवृत्त टर्नर, जालना