ढिकुलीत लग्न नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लग्नासाठी निसर्गरम्य ठिकाणांची यादी आली होती. त्यात उत्तराखंडातलं कॉर्बेट, म्हणजे तिथल्या व्याघ्र प्रकल्पालगतचं ढिकुली गाव, अगदी वरच्या क्रमांकावर होतं. नदीकाठी मुहूर्त, रात्री संगीत, सकाळी पाहुण्यांना सफारी, असं त्याचं वर्णन होतं. मी विट्यात मंडप, डेकोरेशन आणि साउंडचा व्यवसाय करतो. वडिलांपासून आमचं घर लग्नसराईवर चालत आलं आहे, त्यामुळे कुणाच्या थाटामाटाला नावं ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये ढिकुलीतच, त्याच कोसी नदीकाठी पुतण्याच्या लग्नाला मी हजर होतो. तिथे जे पाहिलं आणि ऐकलं, ते आपल्या वाचकांनी हॉल बुक करण्याआधी वाचावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

पुतण्या गुरुग्रामला नोकरीला, मुलीकडचे दिल्लीचे. लग्न ठरलं ढिकुलीच्या एका रिसॉर्टवर. मी आणि सौ. थोडे आधीच निघालो आणि कॉर्बेटच्या दाराशी असलेल्या रामनगर गावात, बाजारातल्या एका साध्या लॉजवर उतरलो. दिल्लीहून रात्री निघालं की पहाटे अंधारात रामनगरला पोचता येतं. मुंबईकरांना वांद्रे टर्मिनसहून आठवड्यातून एक थेट रेल्वेगाडीही आहे. तिथे रुळ संपतात आणि डोंगर सुरू होतो.

रामनगर हे गाव लोक नुसतं ओलांडतात, याचं मला वाईट वाटतं. कुमाऊंचा इंग्रज कमिशनर हेन्री रॅम्से याने एकोणिसाव्या शतकात ते वसवलं. पहाडातला माल खाली उतरायचा आणि मैदानातलं मीठ, कापड वर जायचं, त्याची ही पेठ. आजही पौडी आणि अल्मोड्याच्या दूरच्या गावांतली माणसं दवाखान्याला, बाजाराला, कचेरीच्या कामाला इथेच उतरतात. उत्तराखंडच्या शालान्त परीक्षा मंडळाचं मुख्यालय इथे आहे. इथली लिची नावाजलेली आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. आम्ही पोचलो तेव्हा बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर एकच विषय होता. ४ नोव्हेंबरला, दिवाळीची सुट्टी संपवून रामनगरला परतणारी बस मार्चुलाजवळ दरीत कोसळली होती आणि पस्तीसहून अधिक माणसं गेली होती. टपरीवाल्याच्या ओळखीतलं एक घर त्यात होतं. चहा गाळता गाळता तो सांगत होता आणि बाकड्यावरची माणसं मान खाली घालून ऐकत होती.

पहाटे पाचला त्याच रस्त्यावर सफारीच्या जिप्सी गाड्यांची रांग लागते. कानटोपी घातलेले ड्रायव्हर बॉनेटवर परमिटचे कागद ठेवून पाहुण्यांची नावं पुकारतात, शेजारी गाइड हात चोळत उभा असतो. बिजरानी, झिरना, ढेला, दुर्गादेवी, गर्जिया, ढिकाला अशा वेगवेगळ्या झोनकडे गाड्या पांगतात. ड्रायव्हर, गाइड, लॉजवाला, टपरीवाला, सगळे गावातले किंवा आसपासच्या खेड्यांतले. जंगल टिकलं तर यांची चूल पेटते, आणि जंगलाचा फटकाही यांनाच बसतो. गवताला, सरपणाला गेलेल्या बायका वाघाच्या हल्ल्यात गेल्या, अशी घरं या भागात आहेत. त्याविरुद्ध गावकऱ्यांनी आंदोलनही केलं, पण त्याबद्दल आपल्याकडच्या पर्यटन पानांवर एक ओळ माझ्या वाचनात आलेली नाही.

आता ढिकुलीबद्दल. रामनगरहून मोहान आणि राणीखेतकडे जाणाऱ्या रस्त्यावर दहा-बारा किलोमीटरवर हे गाव लागतं. जाताना डाव्या हाताला कॉर्बेटचं साल वृक्षांचं जंगल. उजव्या हाताला एकापाठोपाठ एक रिसॉर्टांच्या कमानी आणि भिंती, त्यांच्या मागे कोसी नदी, आणि नदीपलीकडे रामनगर वनविभागाचं जंगल. ही बिहारची कोसी नव्हे. कौसानीकडच्या डोंगरांत उगम पावून पुढे रामगंगेला मिळणारी ही वेगळी नदी.

या नदीला एवढं महत्त्व का, हे मला आमच्या जिप्सीच्या ड्रायव्हरने एका कोरड्या ओढ्यात गाडी उभी करून दाखवलं. हिमालयाच्या पायथ्याच्या या पट्ट्याला भाबर म्हणतात. डोंगरातून वाहत आलेल्या गोट्यांचा आणि वाळूचा थर इथे इतका जाड आहे की ओढ्यांचं पाणी खाली मुरून जातं आणि पुढे दक्षिणेला तराईत पुन्हा वर येतं. त्याने बुटाच्या टाचेने गोटे बाजूला केले. खाली नुसती कोरडी वाळू होती, आणि पावसाळा संपून फार दिवस झाले नव्हते. जंगलातले हे सोत, म्हणजे ओढे, उन्हाळ्यात आटले की बारमाही पाणी म्हणजे रामगंगा आणि कोसी. त्यातली रामगंगा १९७४ मध्ये कालागढच्या धरणाने अडवली. त्या जलाशयाखाली मोठा गवताळ प्रदेश गेला, हत्तींच्या जुन्या वाटाही गेल्या. उरलेल्या वाटांपैकी मोलाची एक या ढिकुलीच्या अंगाने, कॉर्बेटमधून कोसीवर आणि कोसी ओलांडून पलीकडच्या जंगलात जाते. कॉर्बेटच्या भागात हजाराहून जास्त हत्ती आहेत. २०२२ च्या गणनेत वाघ २६० निघाले, देशातल्या कुठल्याही व्याघ्र प्रकल्पापेक्षा जास्त. एवढ्या जनावरांनी नदीवर जायचं कसं? भिंती आणि कुंपणं यांच्यामध्ये जिथे फट उरली असेल तिथून, आणि तेही रात्री, माणसांची वर्दळ थांबल्यावर.

लग्नाचा हंगामही रात्रीचाच असतो.

संगीताच्या रात्री मी सवयीने आधी लॉनचा सेटअप पाहिला. डबल अठराचे सब, म्हणजे बेसचे मोठे स्पीकर, स्टेजच्या दोन्ही बाजूंना रचलेले, वर लाइन अ‍ॅरे, आणि सगळ्यांची तोंडं नदीकडे. पाहुण्यांची बैठक त्या बाजूला म्हणून तसं लावलं होतं. आमच्या धंद्यात कुणालाही विचारा, टॉपचा, म्हणजे वरच्या स्पीकरांचा, आवाज भिंत, झाडं, माणसांचे कपडे यांत बराचसा जिरतो. बेस जिरत नाही. नदीचं उघडं पात्र, दोन्ही बाजूंना डोंगर आणि थंडीची रात्र असेल तर तो लांबच लांब जातो, कारण थंड हवा जमिनीलगत बसते आणि आवाजाला वर जाऊ देत नाही. हिवाळ्यात रात्री दुसऱ्या गावचा ढोल आपल्या गावात ऐकू येतो तो यामुळेच. पोलिसांच्या नोटिसा यायला लागल्यापासून मी डेसिबलचा मीटर जवळ बाळगतो. लॉन ओलांडून नदीच्या गोट्यांवर जाऊन उभा राहिलो. मीटर नव्वदच्या वर होता. शार्पी लाइटचे झोत नाचत नाचत पलीकडच्या सालाच्या शेंड्यांवरून फिरत होते, आणि प्रत्येक फेरीला झाडांतून पाखरं उठत होती. वराची एंट्री झाली तेव्हा आतषबाजी सुरू झाली. पलीकडच्या अंधारातून सांबराची इशाऱ्याची हाक आली, मग दुसरी. त्यानंतर फक्त आमचाच आवाज उरला.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद ठेवावे लागतात. दहाला टॉप खाली आले, हे मी मान्य करतो. सब चालूच राहिले. मी ऑपरेटरकडे गेलो, धंद्यातला माणूस म्हणून नीट बोललो. तो पोरगा चांगला होता, पण पार्टी पैसे देते आणि पार्टीला छातीत धडधड पाहिजे, असं त्याचं उत्तर. मग मुलीच्या वडिलांशी बोललो. त्यांनी हात जोडले, एकुलती एक मुलगी आहे म्हणाले. व्याह्यांपुढे त्या रात्री मी आणखी काय बोलणार?

बेसवर मी एवढा भर देतोय त्याला कारण आहे. हत्ती एकमेकांशी ज्या घुमणाऱ्या आवाजात बोलतात तो साधारण पंधरा ते पस्तीस हर्ट्झचा असतो. त्यातला बराच भाग माणसाच्या कानाला कळतही नाही, पण हत्तीला तो काही किलोमीटरवरून ऐकू येतो. आमचे सब पस्तीस-चाळीसपासून वर वाजतात. म्हणजे ज्या सुरांत हत्तीण कळपाला बोलावते, जवळजवळ तिथेच आम्ही रात्रभर धडधड लावतो. वाघ, सांबर कसे वागतात ते मी सांगू शकत नाही, तो माझा विषय नाही. आवाज हा माझा विषय आहे.

ड्रायव्हर म्हणाला, "शादी वाली रात हाथी नदी पर नहीं उतरता, हमारे खेत में उतरता है." त्याचं खेडं ढिकुलीपासून जवळच. गव्हाची पेरणी नुकतीच झाली होती. पहाटे तो हत्तीच्या मागे डबा वाजवत धावला, मग तोंड धुऊन आम्हाला घ्यायला आला. नुकसानभरपाईचा अर्ज करतो का, असं मी विचारलं. करतो म्हणाला, आणि पुढच्या वळणावर गिअर बदलून दुसराच विषय काढला.

या लग्नांमुळे गावाला रोजगार मिळतो, असं सांगितलं जातं. म्हणून मी सर्व्हिस गेटवर उभं राहून गाड्यांचे नंबर पाहिले. फुलांचा टेम्पो दिल्लीचा, साउंडचा ट्रक गाझियाबादचा, केटरर हरियाणाचा, जनरेटरसुद्धा बाहेरचा. मेहंदीवाल्या मुलीही दिल्लीहून आलेल्या. रामनगरचे कोण होते? वाढपी, झाडूवाले आणि गेटवरचा वॉचमन. आमच्या विट्यात साधं लग्न असलं तरी फुलं, मंडप, आचारी, वाजंत्री, भांडी हे सगळं तालुक्यातलंच असतं, पैसा गावात फिरतो. तिथे एका रात्रीत जेवढा खर्च झाला त्यातला किती रामनगरच्या बाजारात पोचला असेल, याचा अंदाज मला धंद्यामुळे येतो. आमच्या लॉजच्या मालकाला, टपरीवाल्याला, ड्रायव्हरला आणि गाइडला आम्ही दोघांनी जे दिलं ते पूर्ण त्यांच्या हातात पडलं.

कॉर्बेट म्हणजे साधी जागा नव्हे. १९३६ मध्ये हेली नॅशनल पार्क या नावाने स्थापन झालेलं हे देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात इथल्या ढिकालातून झाली, आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाटही होता. एवढा मान असूनही पाखरो भागात सफारीसाठी परवानगी १६३ झाडांची असताना सहा हजारांवर झाडं पडली, आणि मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यावर कडक निकाल द्यावा लागला. पडलेली झाडं निदान मोजता येतात. रात्रीच्या आवाजाने जनावर कुठून वळलं, याची नोंद ठेवणारं त्या रस्त्यावर मला कुणी दिसलं नाही.

ज्यांना मुलाबाळांना वाघ दाखवायचा आहे त्यांनी अवश्य जावं. रामनगर गावात किंवा एखाद्या खेड्यातल्या घरी राहावं, परमिट आधी काढावं, ड्रायव्हरला वाघासाठी दामटू नये. ढिकाला साधारण १५ नोव्हेंबर ते १५ जून उघडं असतं. मुक्काम तिथल्या वनविश्रामगृहात मिळाला तर त्यासारखं सुख नाही. रात्री तिथे कुणी मोठ्याने बोलतही नाही. लग्न मात्र दिल्लीत करा, पुण्यात करा, आपल्या गावात करा. नवरा-नवरीला तिकडे पाठवायचं तर लग्न झाल्यावर दोघांनाच पाठवा.

हे पत्र मी विट्यातून लिहितोय त्याला आणखी एक कारण आहे. आमच्या सांगली जिल्ह्यातच चांदोली आहे, कोयनेसह तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. कॉर्बेटला जसं रामनगर, तसं चांदोलीला धरणाखालचं वारणावती. अजून तिथे भिंतींची रांग उभी राहिलेली नाही. पण या हंगामात धरणाच्या बाजूच्या एका जागेवर संगीताच्या कार्यक्रमासाठी साउंडचं कोटेशन मला मागितलं गेलं. मी नाही म्हणालो. दुसरा कुणी हो म्हणेल, हे मला ठाऊक आहे. उघड्यावरच्या लाउडस्पीकरला पोलिसांची परवानगी लागते, ती ठाण्यातून निघते आणि देताना जंगल किती अंतरावर आहे हे कुणी विचारत नाही.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या आहेत. एक, पुरवणीतल्या त्या यादीतून ढिकुली काढावी, किंवा निदान हे पत्र त्याच पानावर छापावं. दुसरी, आपल्या जिल्हा प्रतिनिधीने सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि पोलीस अधीक्षकांना विचारावं की वारणावती, मणदूर आणि चांदोलीच्या हद्दीलगतच्या गावांत रात्रीच्या साउंडची परवानगी वनविभागाला विचारून दिली जाते का. नसेल तर पुढच्या तुळशीच्या लग्नाआधी तसा आदेश निघावा. अंतर, आवाजाची पातळी, सबची दिशा याबाबत काही तांत्रिक माहिती लागली तर मी माझा मीटर घेऊन विनामूल्य यायला तयार आहे. आमच्या व्यवसायातले आणखी काहीजणही येतील, मी त्यांच्याशी बोललो आहे.

आपला नियमित वाचक,
एक मंडप व साउंड व्यावसायिक
विटा, जि. सांगली